दार बाजूला का?

गेल्या अंकात जुन्या गोव्याच्या मोंते सांतो टेकडीवरच्या सांता मोनिका मठाविषयी लिहिले आणि त्यावर बरीच पत्रे आली. एरवी या सदरात मी छपराची गळती, चिऱ्याच्या भिंतीतली ओल, जुन्या वाशांना लागलेली वाळवी अशा प्रश्नांची उत्तरे देते. नकाशे काढण्याच्या नोकरीत तीस वर्षे गेली, त्यामुळे इमारतीविषयी कुणी काही विचारले की मला राहवत नाही. या वेळचे सगळे सदर मठांनाच दिले आहे.

आधी एक दुरुस्ती. त्या लेखात सांता मोनिकेच्या संन्यासिनी संत बेनेडिक्टच्या नियमाने राहत, असे मी लिहिले होते. ते चुकले. त्या ऑगस्टिनियन, म्हणजे संत ऑगस्टीनच्या नियमाने राहणाऱ्या. मठाचे नावच ऑगस्टीनच्या आईचे आहे. वास्कोच्या एका वाचकांनी ही चूक दाखवली, त्यांची मी ऋणी आहे. चूक लहान नाही, ते पुढच्या उत्तरात कळेलच.

मडगावहून एक वाचक लिहितात: ताई, माझी मुलगी नोकरीसाठी लिस्बनला असते. ओदिवेलाश नावाच्या गावातला जुना मठ ती नुकतीच पाहून आली. पाटीवर ‘सिस्तेर’ असे लिहिले होते. तिचे म्हणणे, हा अगदी आपल्या सांता मोनिकेसारखा, कारण दोन्हीकडे इगर्जीचे, म्हणजे चर्चचे, दार समोर नाही, बाजूच्या भिंतीत आहे. आत गेले की वेदी समोर दिसत नाही, मान वळवावी लागते. हे सिस्तेर कोण? आणि दार असे बाजूला का?

तुमच्या मुलीने जे हेरले, ते दरवर्षी जुन्या गोव्याच्या फेस्ताला जाणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. तिला माझी शाबासकी सांगा. दारापासूनच सुरुवात करते, कारण ते दार कळले की अर्धा मठ कळला.

नेहमीच्या इगर्जीत एका टोकाला वेदी, दुसऱ्या टोकाला मोठे दार, मध्ये लोक. बायकांच्या मठातल्या इगर्जीत दोन प्रकारच्या माणसांना जागा द्यायची असते: गावातले लोक आणि मठातल्या संन्यासिनी. या दोघांनी एकमेकांना पाहायचे नाही, मिस्सा मात्र दोघांनीही ऐकायचा. मग वेदीच्या समोरचे टोक, जिथे एरवी मोठे दार असते, ते संन्यासिनींना देऊन टाकतात. तिथे त्यांच्या लाकडी आसनांच्या रांगा असतात. त्या जागेला कोरो म्हणतात. कोरो आणि लोकांची जागा यांच्यामध्ये लोखंडी जाळी. एका टोकाला वेदी, दुसऱ्या टोकाला जाळीआडचा कोरो, मग लोकांनी यायचे कुठून? उरते लांबीची भिंत. म्हणून दार बाजूला. पोर्तुगालमधल्या बायकांच्या मठांत ही रीत सर्रास दिसते आणि तीच रीत जहाजातून इकडे आली.

ओदिवेलाशला मी स्वतः गेले आहे. लिस्बनच्या मेट्रोची पिवळी लाइन धरायची आणि शेवटच्या स्टेशनावर उतरायचे. चहूकडे नव्या इमारती, आणि त्यांच्यामध्ये उतारावर हा मठ. बाजूच्या त्या दारापुढे खांबांचा एक ओटा आहे, पावसात उभे राहायला आपल्याकडे देवळापुढे मंडप असतो तसा. तिथे भिंतीत एक दगडी तोफगोळा बसवलेला आहे. १५५२ साली तुर्कांनी होर्मुझच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हाचा हा गोळा. किल्ल्याचा कप्तान आल्व्हारो द नोरोन्या याने तो मठाला अर्पण केला. होर्मुझचा कारभार त्या काळी गोव्यातून चाले. मी त्या गोळ्यावर हात ठेवला. गार होता. गोव्याहून इतक्या लांब येऊन आपल्याच समुद्रावरची वस्तू हाताला लागली, त्याचे मला फार वाटले.

मठ बांधला राजा दिनिश याने, १२९५ मध्ये. दंतकथा अशी की शिकारीत अस्वलाने राजाला खाली पाडले, त्याने संताचा धावा केला, कट्यारीने अस्वल मारले आणि नवस फेडायला मठ उभारला. दंतकथा बाजूला ठेवली तरी राजा मोठा होता. १२७९ ते १३२५ त्याने राज्य केले, लिस्बनला १२९० मध्ये विद्यापीठ काढले, शेतीकडे इतके लक्ष दिले की लोक त्याला ‘शेतकरी राजा’ म्हणत, आणि शंभराहून अधिक गाणी रचली. त्याला पुरले ते याच मठात. त्याचे दगडी थडगे अजून तिथे आहे.

१ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी लिस्बनचा तो भयंकर भूकंप झाला. मठाच्या इगर्जीचा लोकांनी उभे राहायचा लांब भाग कोसळला. वेदीचा भाग, म्हणजे मधला मोठा गाभारा आणि त्याच्या दोन बाजूंचे दोन लहान गाभारे, मात्र टिकला. म्हणून आज आत गेलात तर लोकांचा भाग अठराव्या शतकातला आणि वेदीकडचा तेराव्या-चौदाव्या शतकातला आहे. वर पाहिले तर घडीव दगडाच्या फासळ्या एका बिंदूत येऊन मिळतात आणि त्या फासळ्यांवर छत तोललेले आहे. लांब भिंती आणि त्यांवरचे उघडे छत भूकंपात आधी जाते. जवळजवळच्या कोनांत उभी केलेली, आखूड आणि जाड भिंतींची खोली उभी राहते. कारण मला आकारातच दिसते.

आता सिस्तेर. फ्रान्समध्ये दिजाँ शहराजवळ सितो नावाची दलदलीची, बोरूने भरलेली जागा आहे. १०९८ साली मोलेम मठाचा प्रमुख रोबेर काही साथीदारांना घेऊन तिथे गेला. जुन्या मठांत श्रीमंती वाढली होती, जेवणाची ताटे वाढली होती, सोने वाढले होते. या माणसांना संत बेनेडिक्टचा नियम जसा लिहिला तसा पाळायचा होता: प्रार्थना, वाचन आणि स्वतःच्या हातांनी काम. सितोच्या लॅटिन नावावरून ते सिस्टर्शियन झाले, पोर्तुगीजमध्ये सिस्तेर. कापड न रंगवलेल्या लोकरीचे, म्हणून लोक त्यांना पांढरे साधू म्हणत. पुढे बर्नार्ड नावाचा तरुण त्यांच्यात आला आणि पंथ युरोपभर पसरला. दिजाँजवळच तार इथे ११२० नंतर लवकरच बायकांचा पहिला सिस्तेर मठ सुरू झाला. पोर्तुगालमध्ये राजा सांशू पहिला याच्या तीन मुलींनी, तेरेझा, सांशा आणि माफाल्दा यांनी, लोर्वांव, सेलाश आणि आरोका हे मठ सिस्तेर नियमाखाली आणले. सगळे तेराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत. तीन बहिणी, तीन मठ.

आणि हे मठ म्हणजे नुसती जपमाळ नव्हे. स्पेनमध्ये बुर्गोस शहराजवळ लास वेल्गास नावाचा सिस्तेर मठ राजा आल्फोन्सो आठवा आणि राणी लिओनोर यांनी ११८७ मध्ये काढला. तिथल्या मठाधिपती बाईंच्या हाताखाली गावेच्या गावे होती, आणि आपल्या मुलखात बिशपचे बहुतेक अधिकार त्या चालवत. हे अधिकार १८७३ पर्यंत टिकले. जवळजवळ सातशे वर्षे! मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचले.

तर सारखेपणा आणि फरक असा. दार सारखे, जाळी सारखी, चौक सारखा. पण ओदिवेलाश बेनेडिक्टच्या नियमाचा, पांढऱ्या झग्यांचा, मध्ययुगातला. सांता मोनिका ऑगस्टीनच्या नियमाचा, काळ्या झग्यांचा, आणि तीनशे अकरा वर्षांनी धाकटा. आर्चबिशप आलेइशो द मिनेझिस यांनी तो १६०६ मध्ये सुरू केला, बांधकाम १६२७ मध्ये संपले, १६३६ मध्ये आगीत सापडला आणि लगेच पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहिला. तीन मजले, चिऱ्याचे, वर चुन्याचा गिलावा. चिरा पावसाचे पाणी पितो आणि इतक्या उंच भिंतीचा भार त्याला एकट्याला पेलवत नाही. म्हणून रस्त्याकडून दिसणारे ते मोठाले धीरे, म्हणजे भिंतीला बाहेरून दिलेले टेकू.

एक गोष्ट राहिली. १४१५ च्या जुलैत पोर्तुगालची राणी फिलिपा प्लेगने आजारी पडली आणि ओदिवेलाशच्या मठात वारली. मरणापूर्वी तिने आपल्या मुलांच्या हातात तलवारी दिल्या, असे सांगतात. महिनाभरात त्या मुलांनी समुद्र ओलांडून आफ्रिकेतले सेऊता घेतले. पोर्तुगीजांचा दर्यावरचा प्रवास तिथून सुरू झाला आणि पंच्याण्णव वर्षांनी मांडवीत येऊन पोचला. मुलगी पुन्हा गेली तर तिला हे सांगा.

पणजीहून वास्तुशास्त्राची एक विद्यार्थिनी विचारते: मॅडम, सिस्तेर मठाचा नकाशा अभ्यासाला घेतला आहे. पुस्तकात खोल्यांची नावे पाठ करावी लागतात, पण त्या तशाच का मांडल्या हे समजत नाही. सुरुवात कुठून करू?

खोल्यांच्या नावांपासून करू नकोस. पाण्यापासून कर आणि मग रात्रीच्या जिन्यापासून.

सिस्तेर मंडळी मठासाठी दरी शोधत. ओढा हवा, कारण गिरणी, स्वयंपाक, मासे, संडास सगळे त्यावर. पाणी कुठून आत येते आणि घाण घेऊन कुठून बाहेर जाते, ही रेघ आधी काढ. मग लक्षात येईल की स्वयंपाकघर आणि जेवणघर चौकाच्या इगर्जीसमोरच्या बाजूला का असतात. जेवणघराच्या दाराजवळ हात धुण्याचे कुंड असते. आपल्याकडे परसदारी डोण असते आणि हातपाय धुतल्याशिवाय माजघरात पाऊल टाकत नाहीत, तेच.

चौक मात्र नीट समजून घे. फोंड्याकडच्या जुन्या वाड्यातले राजांगण पाहिले आहेस ना? मध्ये तुळस, चारी बाजूंनी खांबांची पडवी, घरातली प्रत्येक खोली पडवीत उघडते, आणि घराला बाहेरून पाहिले तर नुसती भिंत. मठाचा चौक तसाच. बहुतेक मठांत तो इगर्जीच्या दक्षिणेला असतो, म्हणजे इगर्जीची उंच भिंत उत्तरेचा वारा अडवते आणि तिला लागलेल्या पडवीत हिवाळ्यातही ऊन पडते. त्याच पडवीत बसून वाचायचे. पूर्वेच्या अंगाला सभेची खोली. तिथे रोज नियमाचे एक प्रकरण वाचत, कामे वाटत, चुका कबूल करत. मठाधिपती बाईंना बऱ्याचदा याच खोलीच्या जमिनीखाली पुरत.

आणि त्या सभेच्या खोलीच्या वर निजायची लांब खोली. का? इथे रात्रीचा जिना येतो. दिवसरात्रीत आठ वेळा प्रार्थना, त्यातली पहिली मध्यरात्रीनंतर. झोपेतून उठून, अंगावरच्या कपड्यांतच, थंडीत अंगण न ओलांडता थेट इगर्जीत उतरता यावे म्हणून निजायच्या खोलीच्या टोकाला जिना. जुन्या मठांत त्याच्या पायऱ्या मध्यावर झिजलेल्या असतात, खोलगट झालेल्या. नकाशात तो जिना जेमतेम बोटभर दिसतो, पण निजायची खोली तिथे का आहे याचे उत्तर तोच देतो. खोल्या माणसाच्या दिवसाभोवती बसवलेल्या आहेत. तासांचे कोष्टक शेजारी ठेवून नकाशा काढ, म्हणजे काही पाठ करावे लागणार नाही.

कोरोतली आसनेही काढ. दोन रांगा समोरासमोर. स्तोत्राचा एक चरण एका रांगेने म्हणायचा, पुढचा समोरच्या रांगेने. आपल्या दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात आणि अभंग एकीकडून दुसरीकडे जातो, डोळ्यांपुढे ते आण. दोन रांगांमधले अंतर आवाजाने ठरलेले असते.

सजावटीविषयी तुझ्या पुस्तकात एकच ओळ आहे, म्हणून थोडे अधिक. बर्नार्डला मठाच्या खांबांवर कोरलेली माकडे, सिंह आणि अर्धे माणूस अर्धे घोडे बिलकूल पसंत नव्हते. त्याचे म्हणणे, वाचणारा ग्रंथ सोडून दिवसभर खांबच पाहत बसेल. म्हणून सुरुवातीच्या मठांत खिडक्यांना रंगीत चित्रांच्या काचा नाहीत, घंटेला दगडी मनोरा नाही, भिंती पांढऱ्या. अशा खोलीत सजावट होते ती उजेडाची, आणि आवाज घुमतो त्याची. पुढे राजेलोकांचा पैसा आला तसा हा नियम सैल झाला. ओदिवेलाशच्या जेवणघरात रंगवलेले छत आहे आणि भिंतींवर आझुलेझ, म्हणजे चित्रांच्या चकचकीत फरशा. बर्नार्डला त्या आवडल्या नसत्या. मला आवडल्या, पण मी तिथे तासभरच होते. चाळीस वर्षे त्याच खोलीत मुक्याने जेवायचे असते तर मलाही पांढरी भिंतच हवी झाली असती.

साखळीहून एक वाचक: तिकडे १२९५ मध्ये मठ उभा राहत होता तेव्हा आपल्याकडे काय चालले होते?

त्याच्या पाच वर्षे आधी, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी पुरी झाली. मठाच्या पुढच्याच वर्षी, १२९६ मध्ये, माउलींनी आळंदीला समाधी घेतली. गोवा कदंबांचा होता. तांबडी सुर्लचे महादेवाचे देऊळ त्याआधीचेच, बाराव्या-तेराव्या शतकातले, काळ्या दगडात कोरलेले. त्याच्या छतातले दगडी कमळ आणि खांबाच्या पायथ्याचा घोड्याला तुडवणारा हत्ती बर्नार्डला दाखवला असता तर काय म्हणाला असता, हा विचार तिथे गेले की मनात येतोच. पण ते देऊळही जंगलात, ओढ्याकाठी, गावापासून दूर. जागा निवडायची नजर दोघांची एकच.

बायकांचे म्हणाल तर आपल्याकडे महदंबा होत्या, चक्रधरस्वामींच्या शिष्या, मराठीतल्या आद्य कवयित्री. त्याही घर सोडलेल्या. पण महानुभावांचा दंडक उलटा: एका जागी राहायचे नाही, फिरत राहायचे, भिक्षा मागायची. सिस्तेर बाई शपथ घेई ती ज्या मठात शिरली तिथेच मरेपर्यंत राहण्याची. एकाच शतकात दोन बायका संसार सोडतात, एक उघड्या वाटेने निघते आणि दुसरी भिंतीआड जाते, आणि दोघी देवासाठीच. मला यातली कुठलीही वाट कमी वाटत नाही.

पेडण्याहून एक वाचक: त्या मुलींना जबरदस्तीने कोंडत होते, हे खरे ना? मग अशा इमारतीचे कौतुक का करायचे?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. पुष्कळ मुली स्वतःच्या मर्जीने गेल्या नाहीत. पोर्तुगालच्या उमरावांना सगळ्या मुलींचा हुंडा झेपत नसे. मठालाही हुंडा द्यावा लागे, पण लग्नापेक्षा कमी. थोरलीचे लग्न, धाकटी मठात, असा हिशेब असे. गोव्यातही सांता मोनिकेत मुख्यतः पोर्तुगीज घराण्यांतल्या मुली आणि विधवा गेल्या. त्यांची संख्या शंभरावर ठरवून द्यावी लागली. नगरपालिकेने राजाकडे तक्रारी केल्या, पण त्या मुलींच्या कळवळ्याने नव्हेत. लग्नाच्या मुली कमी पडतात आणि पैसा मठात जातो, ही त्यांची तक्रार होती. मिनेझिस यांनी गोव्यात अनाथ मुलींसाठी आणि ‘पश्चात्ताप झालेल्या’ बायकांसाठी वेगळी आश्रयघरेही काढली. शहरातल्या प्रत्येक बाईला कुठल्या तरी भिंतीआड जागा नेमून दिलेली होती.

पण सगळ्याच मुली कोंडलेल्या होत्या असेही नाही. वाचायला, लिहायला, गायला, हिशेब ठेवायला, निवडणुकीने आपली प्रमुख ठरवायला त्या काळी बाईला दुसरी जागा नव्हती. सांता मोनिकेच्या पहिल्या प्रमुख फिलिपा द त्रिंदाद या मुलीला घेऊन स्वतःहून आत गेल्या होत्या. ओदिवेलाशच्या संन्यासिनींच्या आणि राजांच्या प्रेमकथा तिकडे फार सांगतात. त्या इथे सांगायची मला इच्छा नाही. दोनचार जणींच्या कथांखाली शेकडो जणींची पाचशे नव्वद वर्षे झाकली जातात.

कौतुक का, हे विचारलेत म्हणून घरचे सांगते. आमच्या डिचोलीच्या घरात आजीच्या थोरल्या जाऊबाई होत्या. बाराव्या वर्षी विधवा झाल्या. लाल आलवण, माजघरामागची अंधारी खोली, आणि राजांगणाकडे उघडणारी एक खिडकी. शिंपल्यांच्या तावदानांची. मी लहान असताना त्या सत्तरीच्या होत्या आणि उंबरठ्याबाहेर कधी गेल्या नव्हत्या. एका तावदानातला शिंपला निघाला होता, त्या चौकोनातून त्या मला गूळखोबरे द्यायच्या. हात तेवढा दिसायचा. त्यांच्यासाठी कुणी कोरो बांधला नाही, त्यांना कुणी अक्षर शिकवले नाही, त्यांच्या शेजारच्या आसनावर दुसरी कुणी नव्हती.

पोर्तुगालमधल्या एका जुन्या मठात मी रोदा पाहिली. भिंतीच्या जाडीत बसवलेले उभे लाकडी पिंप, एका अंगाने उघडे, आत फळ्या. बाहेरच्याने पीठ, औषध, पत्र ठेवायचे, पिंप फिरवायचे, आतलीने घ्यायचे. माणूस माणसाला दिसत नाही. त्याची कड हाताच्या उंचीवर गुळगुळीत झाली होती, दोन्ही अंगांनी. मी कडेवर हात ठेवला आणि मला तो शिंपला निघालेला चौकोन आठवला. कौतुक म्हणाल तर त्या झिजलेल्या कडेचे. इमारत पाडली किंवा विसरली तर त्या हातांची काहीच खूण राहत नाही.

म्हापशाहून एक गृहिणी: ओदिवेलाशची ‘मार्मेलाद’ प्रसिद्ध आहे असे वाचले. ती म्हणजे जॅम का?

जॅम नव्हे, वडी. मार्मेलो नावाचे सफरचंदासारखे आंबट, कडक फळ असते, त्याचा गर साखरेत आटवून थापतात आणि कापतात. ओदिवेलाशची पांढरट असते, मठातूनच आलेली. आपल्याकडे तुम्ही नाताळाला शेजारणीकडून खाता ती पेराद त्याच कुळातली, फक्त मार्मेलोच्या जागी पेरू. कलथ्याला गर सुटू लागला की उतरायचे, हे दोन्हीकडे एकच.

काणकोणहून एक निवृत्त शिक्षक: हे मठ बंद केव्हा आणि कसे झाले? आज तिथे काय आहे?

१८३४ मध्ये पोर्तुगाल सरकारने धार्मिक पंथ बरखास्त केले. पुरुषांचे मठ एकदम बंद. गोव्यातही पुढच्या वर्षी तसेच झाले आणि मोंते सांतोवरचा सांता मोनिकेसमोरचा ऑगस्टिनियनांचा प्रचंड मठ ओस पडला. पुढे तो कोसळला, आज मनोऱ्याचा एक तुकडा उभा आहे. बायकांना रस्त्यावर काढले नाही. त्यांनी आहे तिथे राहावे, पण नवी कुणी घ्यायची नाही, आणि शेवटची वारली की मठ सरकारजमा.

ओदिवेलाशमध्ये १९०० साली लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलींची शाळा सुरू झाली, ती २०१५ पर्यंत चालली. सांता मोनिकेत १९६४ पासून मातेर देई ही संन्यासिनींच्या शिक्षणाची संस्था आहे, म्हणजे त्या जिन्यांवरून आजही बायकाच चढतात. शिवाय ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. ते राशोलहून २००२ मध्ये इथे आले. मुलांना घेऊन जा. आत शिरताना दाराशी थांबा आणि वेदी कुठल्या हाताला आहे ते त्यांना विचारा.

सांता मोनिकेची शेवटची संन्यासिनी १८८५ मध्ये वारली, ओदिवेलाशची १८८६ मध्ये. दोन्ही मठांत शेवटी एकेकच उरली होती. कोरो मात्र दोन रांगांचा. स्तोत्राचा एक चरण तिने म्हटला की पुढचाही तिलाच म्हणावा लागे, आणि समोरची आसने रिकामी.